रोझेलची मावशी

“आई, यावेळी कुठं जायचं? नायगारा?” लेकीनं विचारलं. “रोझेलला,” मी म्हटलं. जावई हसले. “आई, तिथं काय बघणार?”

त्यांचंही खरंच होतं म्हणा. रोझेल म्हणजे न्यू जर्सीतलं बावीसेक हजार वस्तीचं गाव. लेक राहते त्या एडिसनहून गाडीनं तासाभराच्या आतच. पण लहान गावांनाही मोठ्या आठवणी असतातच की! अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे अब्राहम क्लार्क इथलेच. आणि १९ जानेवारी १८८३ रोजी थॉमस एडिसननं खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावले, तेही याच गावात. न्यूयॉर्कमध्ये त्यानं तारा जमिनीखालून नेल्या होत्या. पण ते काम खर्चिक. छोट्या गावांना परवडेल अशी वीज देता येते, हे त्याला दाखवायचं होतं. इथलं प्रेस्बिटेरियन चर्च हे विजेच्या दिव्यांनी उजळलेलं अमेरिकेतलं पहिलं चर्च.

मला मात्र ओढ होती ती थिओडोशिया कार्पेंटरबाईंच्या गावाची.

बाई ना डॉक्टर, ना पुढारी. चारचौघींसारख्या संसारी, मुलाबाळांच्या. १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. समोरचं मासिक सहज चाळलं. त्यात कोल्हापूरहून गोपाळराव जोशींनी लिहिलेलं एक पत्र छापलेलं होतं. बायकोला शिकवायचंय, अमेरिकेत काही सोय होईल का, असं विचारणारं. मिशनऱ्यांनी त्यावर धर्मांतराचा सल्ला दिला होता. बाईंनी तसली अट न घालता सरळ पत्र पाठवलं.

मैत्रिणींनो, विचार करा. आपणही दवाखान्यात बसून मासिकं चाळतो. एखादी बातमी वाचून हळहळतो. आणि नंबर आला की मासिक ठेवून उठतो!

या बाईंनी तसं केलं नाही. तीनेक वर्षं पत्रांची ये-जा चालली. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. कलकत्त्याला असताना आनंदीबाईंची तब्येत बिघडली, तर मावशीनं साता समुद्रापलीकडून औषधं पाठवली. अजून एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नव्हतं हं!

जून १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. बरोबर घरचं कुणी नाही. मावशी त्यांना घेऊन रोझेलला आली. गावातल्या विजेच्या तारा तेव्हा जेमतेम पाच महिन्यांच्या. तो उन्हाळा आनंदीबाईंनी तिथंच काढला, मग फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. साडी आणि शाकाहार सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या.

पुढचं आपल्याला ठाऊक आहेच. क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊन त्या परतल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक तशीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांची रक्षा मावशीकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. आपल्या माणसांत!

रोझेलच्या रस्त्यावर उभी राहून मी वर तारांकडे बघत होते. मनात मात्र दुसरंच काही सलत होतं. निघायच्या आधी आमच्या कामवालीनं विचारलं होतं, “वहिनी, भाचीला नर्सिंगला जागा मिळालीय. तुमची माडीवरची खोली...” मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. परक्याच्या तरण्या मुलीची जबाबदारी कोण घेणार? “आल्यावर बघू,” म्हणून विषय टाळला होता.

तिची भाची चाळीस किलोमीटरवरची. आनंदीबाई केवढ्या लांबून आल्या होत्या!

रात्री घरी फोन लावला. ह्यांना म्हटलं, “माडीवरची खोली झाडून घ्या. आणि तिला निरोप द्या, भाचीला पाठव म्हणावं.”

“अगं, पण भाड्याचं काय?”

“ते मी आल्यावर बघू,” मी म्हटलं.