विश्लेषण : आधी लिनिअर अल्जेब्रा की कॅल्क्युलस?

अकरावी विज्ञानाला प्रवेश झाला, वर्ग भरायला अवकाश आहे. एआयमध्ये जायचे तर मॅट्रायसेस आधी करा, असे एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, कॅल्क्युलसशिवाय काही खरे नाही. बीड, अंबाजोगाईत शिकवणीविना घरी अभ्यास करणाऱ्याचा यात अख्खा महिना वाया जाऊ शकतो.

दोन्हींत फरक काय?

मोंढ्यातल्या दोन पट्ट्या घ्या. 3 क्विंटल सोयाबीन आणि 2 क्विंटल तुरीचे 28 हजार आले. त्याच भावाने 2 क्विंटल सोयाबीन आणि 1 क्विंटल तुरीचे 16 हजार. दुसऱ्या पट्टीची दुप्पट करून तीतून पहिली वजा केली की सोयाबीनचा भाव निघतो : 4 हजार. तुरीचा मग 8 हजार. दोनाऐवजी दोनशे धान्ये असली तरी ही वजाबाकी शिस्तीत करता यावी, म्हणून मॅट्रिक्स. इथे कॅल्क्युलस कुठेच लागले नाही. माजलगाव धरणात पाणी या क्षणी किती वेगाने चढते आहे, हा प्रश्न मात्र कॅल्क्युलसचा.

भास्कराचार्यांनी काय केले?

त्यांचे गाव विज्जडविड म्हणजे बीडच, असे काही अभ्यासक मानतात. चाळीसगावजवळच्या पाटणचा दावा अधिक भक्कम. त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाचा शिलालेख तिथे आहे. 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त आधी लीलावती, मग बीजगणित आणि त्यानंतर ग्रहगणित येते. बीजगणितात अनेक अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत. ग्रहांची 'तात्कालिक गती', म्हणजे कॅल्क्युलसच्या उंबरठ्यावरचा विचार, नंतर येतो.

मग क्रम ठरला?

गणितापुरता, हो. राज्य मंडळाच्या 2019 च्या अकरावीच्या पुस्तकातही मॅट्रायसेस पहिल्या भागात आहेत, डेरिव्हेटिव्ह दुसऱ्या भागाच्या शेवटी. गोची होते ती भौतिकशास्त्रात. तिथे दुसऱ्याच धड्यात व्हेक्टर आणि कॅल्क्युलसची तोंडओळख येते, कारण पुढे वेग आणि त्वरण डेरिव्हेटिव्हनेच लिहितात. जेईई किंवा सीईटी देणाऱ्याने कॅल्क्युलस मागे ठेवणे महागात पडते. त्याने ते धड्यापुरते लगेच उरकावे. सूत्रांच्या सिद्धता नंतर पाहता येतात.

डेटा सायन्सकडे वळणाऱ्याने समीकरणे, व्हेक्टर, मॅट्रिक्स या वाटेने खुशाल आधी जावे. पण तिथेही सुटका नाही. मॉडेलची चूक कोणत्या दिशेने कमी होते हे ग्रेडियंट सांगतो, आणि ग्रेडियंट म्हणजे डेरिव्हेटिव्हचाच व्हेक्टर. 2024 पासून सुरू झालेल्या गेटच्या डेटा सायन्स पेपरात दोन्ही विषय आहेत.

क्लासची फी भरण्याआधी एवढे करता येईल : बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही भागांची पीडीएफ मोफत आहे. पहिल्या भागातला मॅट्रायसेसचा धडा आणि दुसऱ्यातला लिमिट्सचा, दोन्हींतली दहा-दहा उदाहरणे सोडवून पाहावीत. अडखळायला होते ते बहुतेकदा आठवी-नववीच्या अवयव पाडण्यातच.