शेपूटच नाही, तर रंग कुठला?

उत्क्रांतीचा वृक्ष मांडताना प्राण्यांची लक्षणे तक्त्यात भरतात आणि ज्या वृक्षात कमीत कमी बदल मानावे लागतात, तो पसंत करतात. पण ‘शेपटीचा रंग: लाल की निळा’ या रकान्यात बिनशेपटीच्या प्राण्यापुढे काय लिहायचे? रूढ पद्धत प्रश्नचिन्हाची. तुटलेल्या शेपटीच्या जीवाश्मापुढेही तेच चिन्ह असते; मात्र तिथे रंग होता, आपल्याला ठाऊक नाही एवढेच. बिनशेपटीच्या प्राण्यात रंग असूच शकत नाही. संगणक दोन्ही एकाच मापाने मोजतो. उत्क्रांतीशास्त्रज्ञ वेन मॅडिसन यांनी १९९३ मध्ये याच उदाहरणातून दाखवले, की मग बिनशेपटीच्या पूर्वजांनाही रंग बहाल होतो आणि शेपटी असलेल्या एका गटाचा रंग दूरच्या दुसऱ्या गटातली नाती ठरवू लागतो. ही किरकोळ तांत्रिक त्रुटी नव्हे. जे कधी नव्हतेच, तेच पुरावा म्हणून धरले जाते.

‘शेपूट नाही’ ही तिसरी अवस्था मानली तर? मग रंग, लांबी, खवले अशा प्रत्येक रकान्यात शेपूट गमावण्याची एकच घटना पुन्हा पुन्हा मोजली जाते. सगळे एका रकान्यात कोंबले, तर लाल काय नि निळी काय, दोन्ही शेपट्याच, हे साम्य हरवते. ब्राझो, गिलेर्म आणि स्मिथ यांची २०१९ची रीत मला अधिक सच्ची वाटते: लक्षण वृक्षाच्या कोणत्या भागांत लागू होते ते आधी ठरवायचे, बदल त्या भागांतच मोजायचे आणि असे सुटे भाग वाढले तर त्याचीही किंमत धरायची. डीएनए असताना ही उठाठेव कशाला, हा आक्षेप ट्रायलोबाइट या लुप्त सागरी प्राण्यांपुढे टिकत नाही. त्यांचा डीएनए उरलेला नाही. आणि काही जातींना डोळेच नव्हते, त्यांच्या भिंगांच्या रकान्यात काय भरायचे हा प्रश्न तिथे रोजचाच आहे.