खाडीतले गुलाबी शेजारी

वीकएण्ड म्हणजे मॉल, मल्टिप्लेक्स नाहीतर बारापर्यंत ताणून झोप. माझंही तेच! ऐरोलीच्या पुलावरून रोज ऑफिसला जाते, पण खालच्या ठाणे खाडीकडे कधी धड पाहिलंच नव्हतं.

मैत्रिणीने ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीची तिकिटं काढली. वेळ? भरतीची. 'ती कुणासाठी थांबत नाही हं,' नाखवाकाकांनी बजावलं. ओहोटीला बोट चिखलात रुतते ना!

तिवरांच्या कडेकडेने निघालो. आधी बगळे, मग एक खंड्या. पुढे काकांनी इंजिन बंद केलं. समोर उथळ पाण्यात शेकडो रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो! चोच उलटी बुडवून शेवाळ गाळून खात होते. त्यांचा गुलाबी रंग त्यातूनच येतो. मी नाक मुरडते तो चिखल म्हणजे त्यांचं ताट!

खाडीचा हा भाग २०१५मध्ये अभयारण्य झाला, २०२२मध्ये रामसर स्थळ. तरी मे २०२४मध्ये घाटकोपरजवळ विमानाला धडकून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले. ती बातमी मी याच पुलावर, ट्रॅफिकमध्ये वाचली होती. आणि स्क्रोल करून पुढे गेले होते.

सोमवारी पूल आला. फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीची काच खाली केली.