गुणांच्या सूत्रातून घडणारी गाडी

न्यूझीलंडच्या कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर या कंपनीने तयार केलेल्या 'ऑटोमेशन' या संगणकीय खेळात खेळाडू सिलिंडरच्या व्यासापासून ब्रेकच्या डिस्कपर्यंत संपूर्ण मोटार स्वतः आखतो आणि संगणक त्या मोटारीची सुरक्षितता, आराम, विश्वासार्हता, इंधनखर्च असे गुणधर्म आकड्यांत मांडतो. अशा गाड्यांची स्पर्धा भरवताना खरा पेच पुढेच असतो, कारण हे आकडे कोणत्या सूत्राने एकत्र करायचे यावर कोणत्या प्रकारची गाडी जिंकणार हे बव्हंशी ठरून जाते. केवळ बेरीज केली, तर वेगात 90 आणि आरामात 10 गुण मिळवणारी एकांगी गाडी दोन्हींत 50 मिळवणाऱ्या गाडीच्या बरोबरीला येते. परंतु भूमितीय मध्य, म्हणजे दोन गुणांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतले, तर पहिलीला 30 आणि दुसरीला 50 मिळतात.

प्रत्यक्ष गाड्यांच्या स्पर्धांतही हाच प्रश्न आहे. अमेरिकेत 1981 साली सुरू झालेल्या 'फॉर्म्युला एसएई' या विद्यार्थी स्पर्धेच्या 1000 गुणांपैकी 325 गुण आराखडा, खर्च आणि सादरीकरण यांना असतात. भारतात याच धर्तीची 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते, आणि मुंबईच्या सोमय्या महाविद्यालयाचा 'ओरायन रेसिंग' तसेच आयआयटी मुंबईचा संघ हे या क्षेत्रातील जुने संघ होत. फॉर्म्युला एसएईच्या 75 मीटर प्रवेग चाचणीत गुण सर्वोत्तम वेळेच्या तुलनेत मिळतात: सर्वांत जलद गाडीला 4 सेकंद लागले, तर 4.4 सेकंद घेणाऱ्या गाडीला 100 पैकी जेमतेम 74 गुण पडतात. वर्तुळाकार मार्गावरील चाचणीत मात्र वेळेचा वर्ग घेतला जातो, कारण वळणावरील पार्श्व प्रवेग वेळेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. भौतिकशास्त्राचा नियम असा थेट गुणपत्रिकेत उतरवणे हे या नियमावलीचे सर्वांत देखणे अंग म्हणावे लागेल.

शक्तीचा समतोल राखण्यासाठी पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेत 20 मिलिमीटर व्यासाचा अरुंद गळा, म्हणजे रिस्ट्रिक्टर, बसवणे सक्तीचे असते. या गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला, की इंजिनाने कितीही ओढ लावली तरी सेकंदाला सुमारे 75 ग्रॅमपेक्षा अधिक हवा आत जात नाही, आणि त्यामुळे केवळ मोठे इंजिन बसवून बाजी मारण्याचा मार्ग बंद होतो.

महिंद्राच्या कारखान्यामुळे वाहननिर्मितीशी जोडल्या गेलेल्या नाशिक जिल्ह्यात अशा खेळाची स्पर्धा वणीहून नांदुरीमार्गे सप्तशृंगगडावर भाविक नेणाऱ्या जीपच्या अटींवर भरवली, तर चढणीपेक्षा उताराचा विचार अधिक करावा लागेल. भरलेली दोन टनांची जीप 400 मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे 78 लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते आणि तिचा मोठा वाटा ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठतो; अतितप्त अस्तराची पकड सुटू लागते, त्याला ब्रेक फेड म्हणतात, आणि 'ऑटोमेशन' हा परिणामही मोजतो. म्हणून ब्रेक फेडला गुण न देता त्याची कमाल मर्यादा आखणे योग्य ठरेल: ती ओलांडणारी गाडी थेट बाद, आणि इंधन, किंमत व आराम यांची तुलना फक्त उरलेल्या गाड्यांमध्ये.