बंद पडलेल्या वाटेची वीस वर्षं

वहिवाटीच्या रस्त्यावर बाभळीचे काटे पडले, की दोन घरांचं बोलणं बंद होतं. हे तंटे पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यावरचा छापील कायदा १८८२ चा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम आधी मद्रास, मध्य प्रांत आणि कूर्गला लागू झाला, मुंबई इलाख्यात १८९१ मध्ये आला.

वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा आणि हक्क म्हणून वापरली, तर वाट हक्काची होते, एवढं गावात बहुतेकांना ठाऊक असतं. कलम ४७ मात्र फारसं कोणी सांगत नाही. तेवढीच वर्षं वापर थांबला, तर तो हक्क संपतो. हवा-उजेडाच्या हक्काची मुदत अडथळा आला त्या दिवसापासून धरतात. गाडीवाटेचं तसं नाही. तिथे शेजाऱ्याने बांध नांगरला ती तारीख बाजूला राहते आणि मोजणी सुरू होते शेवटची बैलगाडी गेली तेव्हापासून.

जमिनीवरच्या प्रतिकूल कब्जाची मुदत याहून कमी: खासगी जमिनीला बारा वर्षं, सरकारी जमिनीला तीस. त्यावर अलीकडे बराच खल झाला. २००८ मध्ये गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम तर्काला धरून नसल्याचं सांगून केंद्राला फेरविचार सुचवला. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने कब्जेदाराला या आधारावर स्वतः दावाही लावता येतो, असं ठरवलं. २०२३ मध्ये विधी आयोगाने मुदतीत बदल नको म्हटलं.

या साऱ्यात वाटेचा विचार मागेच राहिला, हे खटकतं. शेत वाट्याने दिलेलं, भाऊ पुण्या-मुंबईत. अशा घरांची वाट नकळत जाते.

त्यांच्यासाठी कलम ४७ मध्येच सोय आहे. वीस वर्षं भरण्याआधी ‘हा हक्क मी राखून ठेवतो’ अशी घोषणा नोंदणी कार्यालयात नोंदवली, तर नोंदणीच्या तारखेपासून पुन्हा वीस वर्षं मिळतात. ही गोष्ट प्रत्येक चावडीवर सांगायला हवी.

रस्ता नुकताच अडवला असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण सहा महिन्यांच्या आत. घरातल्या घरात मिटेल या आशेवर थांबणाऱ्यांची ती मुदत बघता बघता निघून जाते. मग उरतो दिवाणी दावा. जुनी वाट खरोखरच गेली असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवी मागता येते. तिथे तहसीलदार शेतकऱ्याची गरज पाहतो.