गाडी चढावर धापा टाकते? पार्ट बदलायच्या आधी हे वाचा!



नाशिकचे एक किराणा व्यापारी माझ्या बॅचला होते. आठवड्यातून दोनदा भिवंडीहून माल भरून आणायचे, स्वतःच्या डिझेल पिकअपमधून. एक दिवस म्हणाले, "सर, कसारा घाटात गाडी धापा टाकते. रिकामी असली की मस्त पळते. डिझेल फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, १४ हजार गेले. आता मेकॅनिक म्हणतो टर्बो गेलाय, ३८ हजार लागतील."

मी विचारलं, "टर्बो गेला हे कशावरून ठरवलं?"

"स्कॅनरवर कोड आला ना!"

इथेच थांबा. ही चूक फक्त गाडीच्या बाबतीत होते असं नाही, आपण धंद्यातही हेच करतो. विक्री घटली की कारण न शोधता आधी जाहिरातीवर पैसे ओततो. पण आज गाडीबद्दलच बोलू.

इंजिनाला हवं तरी काय?

डिझेल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, योग्य दाबाने डिझेल आणि सिलिंडरमध्ये चांगलं कॉम्प्रेशन. पेट्रोल गाडी असेल तर चौथी गोष्ट, वेळेवर पडणारी ठिणगी. आणि जळालेला धूर मोकळेपणाने बाहेर गेला पाहिजे. ताकद कमी झाली म्हणजे यातलं काहीतरी अडलंय. काय अडलंय, हे शोधायचं ते स्वस्त तपासणीपासून महागड्या तपासणीकडे जात. उलट नाही!

पहिलं काम: लक्षण लिहून काढा

"गाडी ओढत नाही" एवढं सांगून भागत नाही. केव्हा ओढत नाही? थंड असताना की गरम झाल्यावर? रिकामी असताना की लोडवर? एकदम झालं की हळूहळू? धूर कुठल्या रंगाचा? हे कागदावर लिहून मेकॅनिककडे जा. अर्धं निदान तिथेच होतं.

दोष इंजिनाचाच आहे ना?

चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही? मग क्लच सरकत असेल. थोडं चालवून थांबल्यावर एकाच चाकाजवळ जास्त गरम जाणवतंय, जळका वास येतोय? ब्रेक चिकटलेला असू शकतो. हात लावू नका, भाजेल. टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी जड वाटते. या तिन्हींत इंजिन बिचारं ठणठणीत असतं.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही येत राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरणारं कूलंट, दोन्हींचा संशय घ्या.

आता हवा, मग डिझेल, मग धुराची वाट

एअर फिल्टर काढून बघा. धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर सर्व्हिसच्या तारखेआधीच भरतो. मग टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाइप आणि क्लॅम्प तपासा, इंजिन बंद आणि थंड असताना.

डिझेल फिल्टर तुंबला की गाडी साधी चालते, पण जास्त डिझेल लागलं की मार खाते. पावसाळ्यात फिल्टरमध्ये पाणी साठलंय का, हेही काढून बघा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. तो स्वतःला साफ करायला चांगला गरम व्हावा लागतो. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर तो भरत जातो आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला तर दुर्लक्ष नको.

पेट्रोलवाल्यांसाठी एक खास सूचना: चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ठिणगी चुकतेय. तसंच दामटलं तर सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

कॉम्प्रेशनची तपासणी सर्वांत शेवटी, कारण त्यात मेहनत आणि मजुरी दोन्ही जास्त.

स्कॅनर दिशा दाखवतो, निकाल देत नाही

आमच्या व्यापाऱ्यांच्या गाडीत कोड होता पी०२९९. याचा अर्थ एवढाच की टर्बोचा दाब हवा तेवढा मिळत नाहीये. टर्बो खराब झालाय, असं तो कोड म्हणतच नाही! दाब तयारच होत नसेल किंवा तयार होऊन वाटेत गळत असेल.

मी त्यांना सांगितलं, दुसऱ्या मेकॅनिककडे जा आणि फक्त एवढंच विचारा: "दाब वाटेत कुठे गळतोय का?" त्याने पाइप काढला. क्लॅम्पखाली रबराला चीर होती आणि भोवती ऑइलचा काळा ओघळ. गाडी उभी असताना टर्बोचा दाब नसल्यात जमा असतो, म्हणून चीर मिटलेली राहायची. रिकाम्या गाडीलाही फार दाब लागत नव्हता. घाटात लोडवर दाब वाढला की चीर उघडायची आणि हवा बाहेर! काळा धूरही त्यामुळेच. लक्षण आणि कारण चपखल जुळलं.

नवा पाइप, क्लॅम्प आणि मजुरी धरून खर्च २,२०० रुपये. पुढच्याच फेरीला भरलेली गाडी कसारा चढून आली. आधीचे १४ हजार मात्र परत आले नाहीत.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी मोठा खर्च सांगितला तर भांडू नका, शांतपणे दोन प्रश्न विचारा. "हाच भाग खराब आहे हे कुठल्या तपासणीवरून कळलं?" आणि "यापेक्षा स्वस्त कारण तपासून झालं का?" चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, तो बॉनेट उघडून दाखवतो.

आज संध्याकाळी गाडी थंड झाली की एअर फिल्टर तेवढा उघडून बघाच. भेटू पुढच्या व्हिडिओत!