साहेब, एक गोष्ट सांगू?

स्क्रिप्ट लिहून झाली, प्रोड्युसर समोर बसलाय. पण गोष्ट सांगितली आणि त्यानं ती ढापली तर? पिचिंगच्या टेबलापर्यंत जाऊन आल्यावरचा हा आँखों देखा हाल...

तुमच्या ऑफिसात असा एक जण नक्की असणार. लंच टाइमला डबा बाजूला सरकवून तो म्हणतो, 'यार, माझ्याकडे एक भन्नाट स्टोरी आहे. पिक्चर आला तर सुपरहिट!' तुम्ही म्हणता, 'मग सांग ना.' झालं, स्वारी गप्प. 'आत्ता नको. लीक होईल.' दोन वर्षांनी विचारा, उत्तर तेच. मुंबईत अशा न सांगितलेल्या गोष्टी किती पडून असतील, देव जाणे!

भीती अगदीच खोटी नाही म्हणा. पटकथा लेखकाचा धंदाच विचित्र. साडीवाला साडी दाखवतो, पटली नाही तर घडी करून परत ठेवतो. गोष्ट मात्र एकदा दाखवली की समोरच्याच्या डोक्यात जाऊन बसते. ती परत कशी घ्यायची?

माझ्याही डोक्यात हाच भुंगा होता. म्हणून २०१८च्या ऑगस्टमध्ये वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज सभागृहात पाचवी इंडियन स्क्रीनरायटर्स कॉन्फरन्स भरली, तेव्हा मी रजा टाकून गेले. पहिली परिषद २००६ साली पुण्यात एफटीआयआयमध्ये झाली होती. लेखकांनी लेखकांसाठी भरवलेला हा मेळावा. बाहेरून वाटतं, इथं स्टार दिसतील, सेल्फी मिळतील. प्रत्यक्षात चहाच्या रांगेत चर्चा चालते ती काँट्रॅक्टची, अडकलेल्या चेकची आणि पडद्यावर न दिसलेल्या नावाची.

नावाचं दुखणं तसं जुनंच आहे. १९७३ साली 'जंजीर' आला, तेव्हा पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती. सलीम-जावेदनी सरळ पेंटर पाठवून शहरभरच्या पोस्टरवर स्वतःची नावं रंगवून घेतली! तो किस्सा आजही कौतुकानं सांगितला जातो. पण सगळ्यांनाच कुठे पेंटर पाठवणं जमतं?

'किस की कहानी है?'

पुढे अंधेरीतल्या एका पिच-सत्राचा योग आला. मुलुंडहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी. अख्ख्या प्रवासात ओठ हलवत पाठांतर. शेजारच्या काकूंना वाटलं असणार, पोरगी स्तोत्र म्हणतेय!

अशा सत्राचा प्रकार साधा असतो. एका हॉलमध्ये टेबलं, टेबलामागे प्रॉडक्शन हाऊसची माणसं, तुमच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात आधी लॉगलाइन, म्हणजे दोन वाक्यांत गोष्ट. मग मुख्य पात्र, त्याला हवंय काय, आडवं येतंय काय आणि शेवट. हो, शेवटही सांगायचा. 'ते सरप्राइज आहे' असं म्हटलंत की समोरचा घड्याळाकडे बघतो. रॉबर्ट ऑल्टमनच्या 'द प्लेयर' (१९९२) या सिनेमाची सुरुवातच एका लांबलचक शॉटनं होते आणि त्यात लेखक एकामागून एक येऊन आपापल्या गोष्टी विकत असतात. हॉलिवूड असो नाहीतर अंधेरी वेस्ट, चेहऱ्यावरचा घाम सेम टु सेम!

माझी गोष्ट मुलुंडच्या एका चाळीची. रीडेव्हलपमेंटला संमती द्यायची की नाही, यावर सासू आणि सून वेगवेगळ्या बाजूंना. मी चाळीचं वर्णन सुरू केलं तशी समोरच्या गृहस्थांची नजर मोबाइलकडे गेली. मग त्यांनी विचारलं, 'मॅडम, ये रीडेव्हलपमेंट की कहानी है या सास-बहू की?'

मी म्हटलं, 'खोली दोघींच्या नावावर आहे. सही दोघींची लागते. आणि दोघी सहा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत.'

मोबाइल उलटा टेबलावर गेला. 'फिर?'

त्या एका 'फिर'मध्ये मला पिचिंग कळलं. चाळ, बिल्डर, रिसर्च हे सगळं नंतर. आधी दोन माणसं आणि त्यांच्यातली अडचण. उरलेला वेळ ते प्रश्न विचारत होते, मी उत्तरं देत होते. फीचर की सीरिज? हिंदी की मराठी? खऱ्या चाळीत शूट करायचं की सेट? शेवटी म्हणाले, 'सिनॉप्सिस भेज दो.' हे 'हो' नव्हे, बरं का. पण 'नाही'ही नव्हे. दोन महिन्यांनी मेल आला. गोष्ट आवडली, पण त्यांच्याकडे अशाच विषयाचं काहीतरी आधीपासून सुरू होतं. असं होतं. रीडेव्हलपमेंटवर मुंबईत माझा एकटीचा हक्क थोडाच आहे!

कल्पना कुणाची, कागद कुणाचा?

आता मुद्द्याचं. गोष्ट चोरली तर कायदा काय म्हणतो?

आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक होतं. १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आला आणि तो आपल्या नाटकावरून उचलला, असं म्हणत ते कोर्टात गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १९७८ साली ते हरले. कोर्टानं सांगितलं, कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ती तुम्ही ज्या रीतीनं मांडता, त्या मांडणीवर असतो. म्हणजे 'सासू-सुनेचं चाळीवरून भांडण' ही कल्पना सगळ्यांची. माझी पात्रं, माझे प्रसंग, त्यांचा क्रम हे माझं. पण कधी? कागदावर असेल तेव्हा!

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. 'ओये लकी! लकी ओये!' आणि 'शांघाय'च्या सहलेखिका ऊर्मी जुवेकर यांनी 'वर्क इन प्रोग्रेस' नावाच्या रिअॅलिटी शोची कन्सेप्ट नोट एका न्यूज चॅनलपुढे मांडली होती. नागरिकांनीच आपल्या भागातले प्रश्न सोडवायचे, असा तो शो. बोलणी झाली, करार काही झाला नाही. मग २००७ साली त्याच चॅनलचा तशाच धर्तीचा शो जाहीर झाला. जुवेकर मुंबई हायकोर्टात गेल्या आणि त्यांना मनाई हुकूम मिळाला. कल्पना पुरेशा तपशिलानं फुलवून लिहिली असेल तर तिला संरक्षण मिळू शकतं आणि विश्वासानं सांगितलेली गोष्ट परस्पर वापरता येत नाही, हे त्यातून ठळक झालं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघा. आपल्याला वाटतं गोष्ट लपवली की सुरक्षित. कायद्याच्या हिशेबात उलटंच आहे. मनातली गोष्ट कुणाचीच नसते. लिहिलेली, तारीख पडलेली, कुणाला कधी पाठवली याचा माग असलेली गोष्ट तुमची असते.

हा तारखेचा शिक्का मिळतो अंधेरी वेस्टलाच. न्यू लिंक रोडजवळ स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं ऑफिस आहे. पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, १९६० साली ट्रेड युनियन म्हणून नोंदलेली. सभासद होऊन स्क्रिप्ट रजिस्टर करता येते, ऑनलाइनसुद्धा. रजिस्ट्रेशन म्हणजे काही कॉपीराइट बहाल होणं नव्हे. तो लिहिताक्षणीच तुमचा असतो. पण अमुक तारखेला हे तुमच्याकडे होतं, याचा तो पुरावा. तंटा झाला तर सभासदांसाठी असोसिएशनची तक्रार निवारण समितीही आहे. शिवाय २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला आणि लेखकाचा रॉयल्टीचा हक्क सहजासहजी लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत लावून धरलं होतं.

माझी चाळ अजून उभी आहे. शिक्का मारून, फाइलमध्ये. पुढच्या पिचला तीच घेऊन जाणार आहे, फक्त सुरुवात खोलीवरच्या दोन नावांपासून. आणि लंच टाइमच्या त्या मित्राला आता एकच सांगते : बाबा रे, आधी लिही, मग बिनधास्त सांग!

पिचला जाताय? मग एवढं कराच

• आधी पूर्ण सिनॉप्सिस लिहा आणि रजिस्टर करा. नुसती एका ओळीची आयडिया घेऊन जाऊ नका.

• दोन वाक्यांची लॉगलाइन सिनेमावेड्या नसलेल्या माणसाला ऐकवा. त्यानं 'मग?' विचारलं तर पास.

• जिथे जाताय त्यांनी आधी काय बनवलंय ते बघा. हॉररवाल्यांना कौटुंबिक कथा ऐकवण्यात दोघांचाही वेळ जातो.

• भेट झाली की त्याच दिवशी मेल टाका : 'आज आपल्याला अमुक गोष्ट ऐकवली, सोबत सिनॉप्सिस.' आभारही होतात आणि नोंदही राहते.

• रिलीज फॉर्म पुढे आला तर वाचल्याशिवाय सही नको. 'आमच्याकडे अशीच गोष्ट असू शकते,' असं त्यात बरेचदा लिहिलेलं असतं.

• नोकरी? ती तूर्तास सोडू नका!